पोटातल्या आठवड्यांचा हिशेब

२०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयापुढे एका २७ वर्षांच्या विवाहितेचा अर्ज आला. पदरी दोन मुले, धाकटे अजून अंगावर पिणारे. अंगावर पाजत असताना पुष्कळ बायकांना पाळी येत नाही. हिलाही येत नव्हती, त्यामुळे तिसऱ्यांदा दिवस गेल्याचे तिला फार उशिरा कळले. आधीच्या बाळंतपणानंतर आलेल्या मानसिक आजारावर उपचार चालू होते आणि तिला हे मूल नको होते. ९ ऑक्टोबरला न्या. हिमा कोहली आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने गर्भपाताला परवानगी दिली. दुसऱ्याच दिवशी दिल्लीच्या एम्समधील एका डॉक्टरचा ईमेल आला. गर्भ २६ आठवड्यांचा आहे, तो बाहेर जगू शकेल. गर्भपात करायचा तर आधी पोटातच त्याचे हृदय थांबवावे लागेल, आणि ते न थांबवल्यास अपुऱ्या दिवसांचे जिवंत मूल जन्माला येईल. मग आम्ही नेमके काय करावे, असा त्यांचा प्रश्न होता.

११ ऑक्टोबरला खंडपीठ दुभंगले. न्या. कोहली यांनी आता परवानगी देता येणार नाही असे म्हटले, तर न्या. नागरत्ना आधीच्या निर्णयावर ठाम राहिल्या. प्रकरण सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या तीन सदस्यांच्या पीठाकडे गेले आणि १६ ऑक्टोबरला अर्ज फेटाळला गेला.

दोघींच्या हाती एकच कागद होता. तो वाचून एकीचे मत फिरले, दुसरीचे फिरले नाही. गर्भ कसा वाढतो हे लोकांना नीट कळले की गर्भपाताविषयी त्यांचे मत ‘आपल्या’ बाजूचे होईल, अशी आशा या वादातल्या दोन्ही पक्षांना असते. माहितीने मत बदलते हे खरे आहे. ते कोणत्या दिशेला झुकेल हे मात्र माहिती ठरवत नाही, असे गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास चाळल्यावर माझे मत झाले आहे.

आधी हिशेबाची एक गंमत सांगितली पाहिजे, कारण निम्मे गैरसमज तिथूनच निघतात. डॉक्टर गर्भाचे वय मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. बीजांड आणि शुक्राणू यांचा मेळ त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होतो. म्हणजे कागदावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बाई गर्भवती नसतेच! पाळी चुकली आणि दुसऱ्या दिवशी लघवीची चाचणी केली, तरी डॉक्टर ‘चार आठवडे झाले’ असे सांगतात. त्यामुळे गर्भपातासाठी सहा आठवड्यांची मुदत ऐकायला दीड महिन्याची वाटते, पण पाळी नियमित असलेल्या बाईच्या हातात प्रत्यक्षात दोन आठवडे उरतात. जिची पाळी मागेपुढे होते, तिच्या हाती तेही लागत नाहीत.

फलन बीजवाहिनीत होते. तिथून गर्भपिशवीकडे सरकत पेशींचा तो पुंजका सुमारे सहाव्या दिवशी अस्तराला चिकटू लागतो. त्यातल्या बऱ्याच पेशींपासून मूल बनतच नाही, त्यांची वार आणि पडदे होतात. फलनानंतर सुमारे चौदा दिवसांनी पुंजक्यावर एक रेघ उमटते आणि डोके कुठे, पाय कुठे हे ठरते. तोवर एका पुंजक्याची दोन जुळी होऊ शकतात. ब्रिटनमधल्या वॉर्नक समितीने १९८४ मध्ये प्रयोगशाळेत भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये असे सुचवले, त्यामागे हेच कारण होते.

आता पुन्हा डॉक्टरांच्या गणतीने पाहू. पाच आठवड्यांनंतर हृदयाची नळी आकुंचन पावू लागते आणि सहाव्याच्या सुमारास ते आतल्या सोनोग्राफीत लुकलुकताना दिसते. गर्भ तेव्हा चार-पाच मिलिमीटरचा असतो. मेंदू-मज्जारज्जूची नळी याच सुमारास बंद होते. फोलिक अॅसिडच्या गोळ्या दिवस जाण्याच्या आधीपासून घ्या, असे सांगतात ते याचसाठी, कारण बाईला कळेपर्यंत ते काम उरकलेले असते. दहाव्या आठवड्यात गर्भ सुमारे तीन सेंटिमीटरचा होतो. अवयवांचा आराखडा तयार असतो, बोटे सुटी झालेली असतात. बाराव्यापर्यंत तो पाच-सहा सेंटिमीटरचा होऊन हातपाय हलवतो, पण आईला त्याचा पत्ता नसतो. ‘पोटात फिरतंय’ हे तिला सोळा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान जाणवते. विसाव्याला वजन सुमारे तीनशे ग्रॅम, चोविसाव्याला सहाशेच्या आसपास. फुप्फुसे श्वास घेण्याजोगी होण्याची सुरुवात इथे कुठेतरी होते. जिथे नवजात अतिदक्षता विभाग उत्तम आहे, तिथे बावीस ते चोवीस आठवड्यांची काही मुले जगतात, तालुक्याच्या रुग्णालयात ती आशा नसते. म्हणजे बाहेर जगण्याची क्षमता ही रेषासुद्धा पूर्णपणे गर्भात नसते, थोडी ती जवळच्या दवाखान्याच्या यंत्रांत असते.

या सगळ्यात ‘इथून माणूस’ असे लिहिलेला दगड कुठे आहे? विकासजीवशास्त्रावर गाजलेले पाठ्यपुस्तक लिहिणारे स्कॉट गिल्बर्ट सांगतात की जीवशास्त्रज्ञांचेच याबाबत एकमत नाही. कोणी फलन धरतात, कोणी चौदाव्या दिवसाची ती रेघ, कोणी मेंदूच्या विद्युतलहरी, कोणी थेट जन्म.

वाद आजचा नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ऋषींचे मतभेद नोंदवले आहेत: गर्भाचा कोणता अवयव आधी होतो? शौनक म्हणतात डोके, कृतवीर्य म्हणतात हृदय, पाराशर्य नाभी, मार्कंडेय हातपाय. धन्वंतरी सगळ्यांना बाजूला सारून सांगतात की सर्व अवयव एकदमच होतात, फक्त सूक्ष्म असल्यामुळे दिसत नाहीत. दाखला आंब्याचा. पिकल्यावर गर, कोय, रेषा वेगळ्या दिसतात, कोवळ्या कैरीत दिसत नाहीत, पण असतात. आणि तरीही त्याच ग्रंथात चौथ्या महिन्याला विशेष मान आहे. हृदय तेव्हा व्यक्त होते, त्यासोबत चेतना, आणि म्हणून गर्भारणीचे डोहाळे पुरवायचे. वाढ अखंड आहे असे मानणाऱ्यांनाही कुठेतरी रेघ ओढावीशी वाटलीच. आपल्या घरांतही तीन महिने पुरे होईपर्यंत ‘बातमी’ चारचौघांत फोडत नाहीत. यात अनुभवाचे शहाणपण आहे. माहीत असलेल्या गर्भधारणांपैकी दहा ते वीस टक्के आपोआप पडतात, आणि त्यांतल्या बहुतेक बारा आठवड्यांच्या आत.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात ही रेघ आईच्या अंगात होती. गर्भाची पहिली हालचाल तिला जाणवली की गुन्हा मोठा, त्याआधी लहान. १८६० च्या भारतीय दंडविधानात कलम ३१२ आले तेही हाच भेद घेऊन. गर्भपात घडवल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा, गर्भ फिरू लागल्यानंतर घडवल्यास सात वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम ८८ मध्येही तो भेद तसाच आहे. बाई सांगेल तोच पुरावा, ही त्यामागची जुनी व्यवस्था.

एकोणिसाव्या शतकात भ्रूणशास्त्राने ती मोडायला सुरुवात केली. १८२७ मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी सस्तन प्राण्याचे बीजांड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वाढ पहिल्यापासून सलग असते हे डॉक्टरांना दिसू लागले. मग बॉस्टनचे डॉ. होरेशिओ स्टोरर यांनी १८५७ पासून मोहीम उघडली: हालचाल जाणवणे ही केवळ आईची संवेदना आहे, गर्भ त्याआधीही तितकाच जिवंत असतो. १८५९ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेने गर्भपाताविरुद्ध ठराव केला आणि पुढच्या काही दशकांत जवळजवळ सर्व राज्यांनी कडक कायदे केले. स्टोरर यांचे जीवशास्त्र बरोबर होते. पण त्या मोहिमेत वैदू आणि सुइणींना व्यवसायातून हटवण्याचा हेतूही होता, आणि गोऱ्या प्रोटेस्टंट बायका मुले कमी जन्माला घालतात ही भीतीही. शास्त्र पुढे होते, मागे आणखी पुष्कळ काही होते. पोटात काय चालले आहे हे सांगण्याचा अधिकार मात्र तेव्हापासून बाईकडून डॉक्टरकडे गेला, तो गेलाच.

शंभर वर्षांनी तो यंत्राकडे आला. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड यांनी धातूतल्या भेगा शोधणारे कारखान्यातले ध्वनियंत्र पोटातल्या गाठी पाहायला वापरले आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निबंध छापला. गाठींपाठोपाठ गर्भ दिसू लागला. डोनाल्ड स्वतः ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्याचे कडवे विरोधक होते. दरम्यान ३० एप्रिल १९६५ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर स्वीडिश छायाचित्रकार लेनार्ट निल्सन यांनी टिपलेला १८ आठवड्यांचा गर्भ आला, काळ्या पोकळीत तरंगणारा, अंतराळवीरासारखा. अंक हातोहात खपला. आत मात्र लिहिले होते की बहुतेक छायाचित्रे शस्त्रक्रियेने बाहेर काढलेल्या गर्भांची आहेत. जिवंत वाढीचे प्रतीक बनलेली ती चित्रे प्रत्यक्षात संपलेल्या गर्भधारणांची होती, आणि त्यांत आई कुठेच नव्हती. अमेरिकन अभ्यासक रोझलिंड पेचेस्की यांनी १९८७ मध्ये नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले. मलाही हा आक्षेप बिनतोड वाटतो. वारेशिवाय, नाळेशिवाय, ज्या शरीरातून रक्त येते त्या शरीराशिवाय गर्भ दाखवणे हे भ्रूणशास्त्र म्हणूनच अपुरे आहे.

पण चित्राची ताकद नाकारता येत नाही. न्यूयॉर्कचे डॉ. बर्नार्ड नॅथन्सन यांचे उदाहरण घ्या. १९६९ मध्ये गर्भपाताचे कायदे रद्द व्हावेत म्हणून स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेचे ते एक संस्थापक, मोठ्या गर्भपात केंद्राचे प्रमुख. सोनोग्राफीवर गर्भ पाहत गेल्यावर त्यांचे मत उलटले, आणि तेव्हा ते धार्मिकही नव्हते. १९८४ च्या ‘द सायलेंट स्क्रीम’ या फितीत त्यांनी १२ आठवड्यांच्या गर्भाचा गर्भपात सोनोग्राफीतून दाखवला. अध्यक्ष रेगन यांनी फितीची जाहीर वाखाणणी केली. तज्ज्ञांनी हरकत घेतली की त्या वयात किंकाळीसाठी लागणारा मेंदू तयार नसतो, आणि फितीचा वेग बदलून धडपड अधिक भासवली आहे. नॅथन्सन यांचे परिवर्तन प्रामाणिक असावे, फीत मात्र प्रामाणिक नव्हती असे मी म्हणेन.

बायकांवर अशा दर्शनाचा परिणाम किती होतो, हे मोजले गेले आहे. लॉस एंजेलिसमधल्या गर्भपात केंद्रांतल्या १५,५७५ भेटींच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४२.५ टक्के बायकांनी सोनोग्राफीचे चित्र स्वखुशीने पाहिले. पाहणाऱ्यांपैकी ९८.४ टक्के बायकांनी गर्भपात केला, न पाहणाऱ्यांपैकी ९९ टक्के. थोडाफार फरक पडला तो ज्यांचा निर्णय आधीच डळमळीत होता त्यांच्यात. चित्र पाहून बाई हादरेल आणि परत जाईल, या समजुतीवर कायदे करणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. दारापर्यंत आलेल्या बाईने घरातले पैसे, नवरा, आधीची मुले, नोकरी यांचा विचार केलेला असतो. पडद्यावरचा ठिपका तिला अनोळखी नसतो. मत बदलते ते बहुधा बघ्यांचे, मतदारांचे.

म्हणूनच अमेरिकेत आता कायद्याच्या मसुद्यातच भ्रूणशास्त्राचे धडे येतात. मिसिसिपीच्या ज्या कायद्यामुळे २४ जून २०२२ ला गर्भपाताचा हक्क मान्य करणारा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल रद्द झाला, त्यात पाच-सहा आठवड्यांना ठोका, आठव्याला हालचाल, दहाव्याला नखे अशी जंत्रीच आहे. नॉर्थ डकोटाने २०२३ मध्ये आणि मग टेनेसीने शाळांत गर्भवाढीची फीत दाखवणे सक्तीचे केले. गर्भपातविरोधी संस्थेने बनवलेल्या अशा एका फितीत वय फलनापासून मोजले आहे. डॉक्टरांची गणती माहीत असलेल्याला सगळे दोन आठवडे आधीच घडते असे वाटते. मुलांना गर्भाची वाढ शिकवायला माझी मुळीच हरकत नाही, उलट आपल्याकडे ती फारच कमी शिकवली जाते. पण शिकवणाऱ्याने आपण कुठून मोजतो ते सांगितले पाहिजे.

वेदनेबाबतही असेच घाईचे दावे होतात. वेदना जाणवायला मेंदूच्या बाह्यपटलापर्यंत संदेश पोचावे लागतात, आणि ते मार्ग चोविसाव्या आठवड्याच्या आसपास जुळू लागतात. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२२ मध्ये मत दिले की २८ आठवड्यांपूर्वी गर्भाला वेदना होण्याचा संभव कमी आहे. दुसरीकडे स्टुअर्ट डर्बीशायर आणि जॉन बॉकमन या दोघांनी २०२० मध्ये लिहिले की वेदनेची एक प्राथमिक जाणीव त्याहून बरीच आधी शक्य आहे. त्यांतले डर्बीशायर गर्भपाताच्या हक्काचे समर्थक, बॉकमन विरोधक. एकच पुरावा दोघांनी मान्य केला आणि हक्काबाबत आपापल्या जागी राहिले. मला या सगळ्या साहित्यात हा निबंध सर्वांत आवडतो.

आता आपल्याकडे येऊ. भारताचा १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा गर्भाच्या चित्रातून निघाला नव्हता. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीसमोर चोरूनमारून पोट पाडताना मरणाऱ्या बायकांचा प्रश्न होता. १९६६ मध्ये समितीने अहवाल दिला, कायद्यात वीस आठवड्यांची मर्यादा आली. तेव्हा सोनोग्राफी आपल्या गावीही नव्हती. नंतर ती आली, गर्भातले व्यंग दिसू लागले, आणि व्यंगाची सविस्तर तपासणी नेमकी अठरा ते वीस आठवड्यांत होऊ लागली. हृदयातले काही दोष त्याहून उशिरा उमगतात. २००८ मध्ये मुंबईतल्या एका दांपत्याला वीस आठवडे उलटून गेल्यावर गर्भाच्या हृदयातला गंभीर दोष कळला. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार त्यांच्यासह उच्च न्यायालयात गेले, पण न्यायालयाने परवानगी नाकारली. पुढे त्या बाईंचा गर्भ आपोआप गेला. दातार यांनी कायदा बदलण्यासाठी पाठपुरावा सोडला नाही. त्यानंतर कितीतरी बायका एकेक आठवडा वाया जाताना न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिल्या, तेव्हा कुठे २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ठरावीक गटांसाठी मर्यादा २४ आठवडे, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर वरची मर्यादाच नाही.

म्हणजे ज्या सोनोग्राफीने अमेरिकेत मुदत खाली खेचली, तिनेच मुंबईत ती वर नेली. तिथे पडद्यावर ठोका पाहिला गेला, इथे ठोक्यातला दोष.

आणि त्याच पडद्यावर आपण लिंगही पाहिले, हे विसरून चालणार नाही. मुंबईतल्या स्त्री संघटनांच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर देशातला पहिला कायदा केला, केंद्राचा आला १९९४ मध्ये. तरीही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीडमध्ये तर ८०७. इथे गर्भाविषयी अधिक कळल्याने कुणाचे मन हळवे झाले नाही. उलट त्यानंतरच्या धडक कारवाईत गर्भपाताच्या कायदेशीर गोळ्या ठेवायलाही औषध दुकानदार कचरू लागले, आणि गर्भपातच बेकायदा आहे अशी समजूत खेड्यापाड्यांत पसरली. लिंगनिदान गुन्हा आहे, गर्भपात कायद्याच्या अटींत वैध आहे. या दोन गोष्टींत गल्लत झाली की भुर्दंड बाईला पडतो, कारण ती वेळेवर डॉक्टरकडे जात नाही.

घरात कोणाला दिवस गेले असतील तर शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवा. व्यंग पाहण्याची सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांच्या आत करून घ्या आणि अहवालात गर्भाचे वय किती आठवडे लिहिले आहे ते स्वतः वाचा. वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र, नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीसमध्ये दोघांचे लागते, तेही ठरावीक गटांतल्या बायकांसाठीच. त्यापुढे, आईच्या जिवाला तातडीचा धोका असेल तेवढा प्रसंग सोडला, तर वैद्यकीय मंडळ किंवा न्यायालय गाठावे लागते, आणि तिथल्या प्रत्येक तारखेगणिक गर्भ वाढत असतो.